व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या : प्रक्षेपण कोणाचे आणि वस्तुनिष्ठ काय?

अकरावी-बारावीच्या मानसशास्त्राच्या बहुतेक मार्गदर्शिकांत व्यक्तिमत्त्वमापनाचे प्रकरण आले की एक कोष्टक भेटते. डाव्या रकान्यात प्रक्षेपण चाचण्या, उजव्या रकान्यात वस्तुनिष्ठ चाचण्या. डावीकडच्या मनाच्या तळापर्यंत पोहोचतात, पण त्यांचे गुणदान तपासणाऱ्यावर अवलंबून असते. उजवीकडच्या वरवरच्या असतात, पण शास्त्रीय असतात. विद्यार्थी हे कोष्टक पाठ करतात आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळवतात. आमचे म्हणणे असे की या कोष्टकातली दोन्ही विधाने दिशाभूल करणारी आहेत. ही गोष्ट परीक्षेपुरती असती तर तिच्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण याच चाचण्यांच्या आधारे कोणाला नोकरी मिळते, कोणाला नाकारली जाते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती 'तू असा आहेस' असे सांगणारा छापील कागद दिला जातो.

प्रथम 'वस्तुनिष्ठ' हा शब्द घेऊ. शिक्षकांना तो चांगला परिचयाचा आहे. शिष्यवृत्ती परीक्षेतल्या प्रश्नाला चार पर्याय असतात. उत्तरपत्रिका पुण्यात तपासली काय आणि नागपुरात तपासली काय, गुण तेच पडतात. निबंधाचे तसे नसते. एक परीक्षक ज्याला सात गुण देईल त्यालाच दुसरा चार देईल. पण समजा, उत्तरसूचीतच चुकीचा पर्याय 'बरोबर' म्हणून छापला गेला, तर काय होईल? सगळे परीक्षक एकमताने चुकीचे गुण देतील. म्हणजे वस्तुनिष्ठता आहे ती तपासणीत. प्रश्न योग्य आहे का, त्यातून जे मोजायचे तेच मोजले जाते का, याबद्दल हा शब्द काहीही सांगत नाही. प्रत्येक वेळी दोनशे ग्रॅम जास्त दाखवणारा तराजू विश्वसनीय असतो, कारण तो आपले म्हणणे बदलत नाही. पण त्याचे माप खरे नसते. मानसशास्त्रात या दुसऱ्या गुणाला सप्रमाणता म्हणतात, आणि सगळा वाद खरे तर तिच्याभोवती आहे.

आता डावा रकाना. स्विस मनोविकारतज्ज्ञ हर्मन रोर्शाक यांनी १९२१ साली आपल्या शाईच्या डागांचे पुस्तक प्रसिद्ध केले. दहा पत्रिका, पाच काळ्या-करड्या, दोनांत काळ्याबरोबर लाल, आणि तीन रंगीत. सुमारे चारशे लोकांना डाग दाखवून 'हे काय असू शकेल?' एवढेच त्यांनी विचारले होते. रोर्शाक याला आकलनाचा प्रयोग म्हणत. माणसाला काय दिसते यापेक्षा तो कसे पाहतो, संपूर्ण डाग पाहतो की तुकडा, आकार पाहतो की रंग, यात त्यांना रस होता. पुढच्याच वर्षी, २ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते वारले. 'प्रक्षेपण' हे नाव लॉरेन्स फ्रँक यांनी अशा पद्धतींना दिले ते १९३९ साली. संदिग्ध चित्र समोर ठेवले की माणूस आपले आतले जग त्यावर टाकतो, ही कल्पना त्या नावाबरोबर रुजली. दरम्यान १९३५ मध्ये हार्वर्डच्या क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी चित्रांवरून गोष्ट रचायला सांगणारी चाचणी पुढे आणली होती. १९४९ मध्ये कॅरेन मॅकोव्हर यांनी 'माणसाचे चित्र काढ' एवढ्या साध्या सूचनेवर एक निदानपद्धती उभारली.

या शेवटच्या चाचणीशी एक प्रयोग जोडलेला आहे. प्रशिक्षण महाविद्यालयांत तो शिकवला जावा असे आम्हाला वाटते. चित्रे पाहून निदान करणारे अनुभवी तज्ज्ञ सांगत की संशयी रुग्ण डोळे विचित्र काढतो, आपल्या बुद्धीविषयी चिंता असलेला डोके मोठे काढतो, आणि पुरुषत्वाबद्दल साशंक असलेला रुंद खांद्यांचा पुरुष काढतो. मात्र नियंत्रित अभ्यासांत असे संबंध सापडत नव्हते. तरीही तज्ज्ञ म्हणत, 'अभ्यास काहीही म्हणोत, आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो.' लोरेन आणि जीन चॅपमन या अमेरिकन दांपत्याने १९६७ साली या 'डोळ्यांनी पाहण्या'चीच परीक्षा घेतली. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही चित्रे दाखवली. प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याची लक्षणे लिहिलेली होती. चित्रांच्या आणि लक्षणांच्या जोड्या संशोधकांनी मुद्दाम अशा लावल्या होत्या की त्यांत कोणताही संबंध नव्हता. विद्यार्थ्यांना मानसशास्त्रीय निदानाचा काही अनुभव नव्हता. तरीही त्यांनी 'शोधून' काढले की संशयी माणसे डोळे विचित्र काढतात आणि बुद्धीची चिंता असणारे डोके मोठे! तज्ज्ञ जे सांगत होते तेच, समोरच्या माहितीत नसताना, त्यांना दिसले. पुढच्या प्रयोगांत प्रत्यक्ष संबंध उलटा ठेवला, तरीही हा भास पुरता गेला नाही.

यातून कोणाची मनोरचना उघड झाली? संशय म्हणजे डोळे, बुद्धी म्हणजे डोके, हे संकेत भाषेतच आहेत. आपणही 'डोळे वटारणे' म्हणतो, 'डोके चालवणे' म्हणतो. तपासणाऱ्याने ते संकेत चित्रावर टाकले आणि तिथून परत उचलले. प्रक्षेपण झाले होते हे खरेच, पण ते परीक्षकाचे.

म्हणून डावा रकाना सगळाच निकालात काढावा, असे मात्र आम्हाला वाटत नाही. चित्रांवरून रचलेल्या गोष्टींचा डेव्हिड मॅक्लेलंड यांनी निराळा उपयोग केला. गोष्टीत कोणत्या प्रकारचे वाक्य आले तर 'कर्तृत्वाची प्रेरणा' म्हणून गुण द्यायचा, याचे नियम त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आधीच लिहून ठेवले. त्यामुळे शिकवून तयार केलेल्या दोन तपासनिसांचे गुण बऱ्यापैकी जुळू लागले. १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडा येथील लहान उद्योजकांसाठी या विचारावर आधारलेले प्रशिक्षणवर्ग घेतले गेले. त्यांचा परिणाम पाहिला तो नुसत्या गोष्टींत नव्हे, तर व्यवसायात: नवे काम सुरू केले का, नवी माणसे कामाला लावली का. एकाच माणसाचे गुण पुन्हा चाचणी घेतल्यावर बरेच बदलतात, ही तक्रार याही पद्धतीबद्दल आहे. पण निदान तपासणीची दिशा बरोबर होती. रोर्शाकचेही तसेच. जोनी मिहुरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली या चाचणीतल्या ६५ घटकांवरचे संशोधन एकत्र तपासले. विचारांतला विस्कळीतपणा आणि आकलनातल्या चुका दाखवणाऱ्या घटकांना चांगला आधार मिळाला, इतर बऱ्याच घटकांना तो फारसा किंवा मुळीच मिळाला नाही. टिकले ते रोर्शाक यांच्या मूळ प्रश्नाच्या, म्हणजे माणूस कसा पाहतो याच्या, जवळचे आहे. 'मनाच्या तळा'ची भाषा नंतर चिकटली.

आपल्याकडे प्रक्षेपण चाचणी प्रत्यक्ष भेटते ती सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांना. एसएसबीच्या निवडीत चित्रांवरून बारा गोष्टी लिहाव्या लागतात. अकरा चित्रे तीस-तीस सेकंद दिसतात, बारावी पाटी कोरी असते, आणि प्रत्येक गोष्टीला चार मिनिटे. शिवाय साठ शब्दांवर पंधरा-पंधरा सेकंदांत एकेक वाक्य. निवड एकट्या मानसशास्त्रज्ञाच्या हाती नसते. मुलाखत घेणारा आणि गटातली कामे पाहणारा असे आणखी दोन परीक्षक असतात, ही जमेची बाजू. पण बारावीनंतर खडकवासल्याचे स्वप्न पाहणारी मुले आज शिकवणी वर्गांत या गोष्टी घोटून जातात. नायक कॅप्टन, समोर संकट, शेवटी सर्वांच्या सहकार्याने मार्ग! उत्तर पाठ करता येत असेल तर त्यात मन प्रक्षेपित होते, हे गृहीतकच ढासळते. मोठे परीक्षक हे ओळखत असतील. परंतु पाठ केलेल्या गोष्टीमागचे मन कसे आहे, हे ओळखण्याचे साधन मग दुसरे काही तरी असले पाहिजे.

उजव्या रकान्यातली सर्वांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांची, १९४३ साली छापलेली, ५५० विधानांची यादी. 'माझ्या बाबतीत खरे' किंवा 'खोटे' एवढेच सांगायचे. तिची रचना चतुर होती. विधान ऐकायला कसे वाटते याला महत्त्व नव्हते; निदान झालेले रुग्ण आणि निरोगी माणसे त्याला वेगळी उत्तरे देतात का, एवढेच पाहून ते ठेवले किंवा टाकले गेले. खोटेपणा पकडण्यासाठी पंधरा विधानांची एक पट्टी होती. कधी तरी राग येणे किंवा आजचे काम उद्यावर ढकलणे, असे दोष थोडेफार सगळ्यांतच असतात. ते जो सरसकट नाकारतो, त्याच्या बाकीच्या उत्तरांकडेही जपून पाहायचे. ही कल्पना आम्हाला फार आवडते.

पण हे 'निरोगी' कोण? मुख्यतः विद्यापीठाच्या रुग्णालयात रुग्णांना भेटायला आलेले ७२४ नातेवाईक आणि मित्र. सर्वसाधारणपणे पस्तिशीचे, विवाहित, आठ इयत्ता शिकलेले, खेड्यांत वा लहान गावांत राहणारे गोरे मिनेसोटावासी. कित्येक दशके जगभरच्या माणसांचा सर्वसामान्यपणा त्यांच्याशी ताडून ठरवला गेला. मूळ यादीत ख्रिस्ताच्या पुनरागमनावरच्या श्रद्धेविषयीही एक विधान होते. १९८९ च्या आवृत्तीत असली विधाने काढली आणि मानके नव्याने घेतली. आता या चाचणीत तपासनिसाचे मत कुठे गेले? ते नाहीसे झाले नाही. विधाने कोणती घ्यावीत, रुग्ण कोणाला म्हणावे, तुलना कोणाशी करावी, या निर्णयांत ते आधीच शिरून बसले. फक्त छपाई झाल्यावर ते दिसेनासे झाले. आणि उत्तर देणारा स्वतःबद्दल सांगतो ते शेवटी त्याचे मतच असते.

तरीही दोहोंत निवड करायची झाली तर आम्ही उजवीकडे झुकू, आणि त्याचे कारण 'शास्त्रीय' हे बिरुद नव्हे. छापील नियमाची चूक शोधता येते. पॉल मील यांनी १९५४ साली दाखवले की भाकितांच्या बाबतीत साधे आकडेवारीचे सूत्र अनुभवी तज्ज्ञाच्या अंदाजाच्या तोडीचे किंवा सरस ठरते. सूत्र चुकले तर किती चुकले हे मोजता येते. तज्ज्ञाची प्रतिभा चुकली तर तो म्हणतो, रुग्ण अवघड होता.

'पण अहवाल अगदी तंतोतंत जुळला हो!' असे पालक सांगतात, तेव्हा बर्ट्रम फोरर यांची आठवण ठेवावी. १९४८ साली त्यांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचे वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेले वर्णन एकच होते, आणि त्यातली बरीच वाक्ये फलज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती. हा प्रयोग बारावीच्या वर्गात सहज करता येतो. फक्त तास संपण्यापूर्वी खरे काय ते सांगून टाकावे. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि बुद्धी सांगणारे अहवाल शाळाशाळांतून विकले जातात ते याच भरवशावर. त्यांना तर दोहोंपैकी कोणत्याही रकान्यात जागा नाही.

याहून अवघड प्रश्न शिक्षकांच्या अगदी जवळचा आहे. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२८ मध्ये हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेत नक्कल करण्याची, पैसे उचलण्याची, घरी खोटे सांगण्याची संधी मुलांना मिळेल अशा परिस्थिती त्यांनी रचल्या. एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणीही फसवते का? सहसंबंध सरासरी ०.२३ च्या आसपास निघाला. त्याचा वर्ग केला तर सुमारे पाच टक्के. म्हणजे एका प्रसंगावरून दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली व्यक्तिमत्त्व-चाचण्या आणि प्रत्यक्ष वर्तन यांच्याबद्दल असाच आक्षेप घेतला. त्यावर सेमूर एप्स्टीन यांनी १९७९ साली दिलेले उत्तरही महत्त्वाचे आहे: एकेक प्रसंग न घेता अनेक दिवसांची सरासरी घेतली तर माणसातले सातत्य दिसू लागते. जूनपासून एप्रिलपर्यंत मुलाला पाहणाऱ्या वर्गशिक्षिकेच्या नोंदी म्हणूनच चाळीस मिनिटांच्या प्रश्नावलीपेक्षा हलक्या समजू नयेत. अर्थात त्या लिहिलेल्या हव्यात. आठवणीतल्या असतील तर चॅपमन यांचे विद्यार्थी आठवावेत.

२०१६ पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी झाली. ती आवडीनिवडीची होती, व्यक्तिमत्त्वाची नव्हे. पण घराघरांत निकालाचा अर्थ 'माझा मुलगा अमुक प्रकारचा' असाच लावला गेला असणार. खाजगी संस्था शाळेत चाचणी घेऊन येतात तेव्हा मुख्याध्यापकांनी चाचणीची माहितीपुस्तिका मागावी. मानके किती मुलांवर, कोणत्या वर्षी, कोणत्या भागात घेतली, आणि निकाल नंतर कशाशी पडताळला, हे तीत असायला हवे. मराठी रूपांतर असेल तर नकारार्थी विधाने काढून वाचावीत. 'मला गर्दीत जायला आवडत नाही' या विधानापुढे 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी असल्या, तर 'नाही, आवडत नाही' असे मनात म्हणणारी मुलगी कोणत्या चौकटीत खूण करील? इंग्रजीत 'खरे-खोटे' विचारले होते, रूपांतरात 'हो-नाही' झाले, आणि काही मुलांचे गुण उलटे पडले, तरी यंत्र ते मोजताना एकदाही अडखळणार नाही. दहा मुलांना समोर बसवून अशी विधाने मोठ्याने वाचायला लावली आणि त्यांना काय समजले ते विचारले, तर अर्ध्या तासात गोंधळाची कल्पना येईल.