‘आम्ही’तला ‘मी’ आणि गट-समुपदेशन

दलित साहित्याच्या समीक्षेत ‘आम्ही’ या सर्वनामाचा गौरव पुष्कळ झाला. दलित आत्मकथन एकट्याचे नसते, समूहाचे असते, हे विधान आता आपल्या तोंडपाठ झाले आहे. पण या ‘आम्ही’त ‘मी’चे काय होते, हा प्रश्न आपण टाळत आलो. महाविद्यालयांतून आज गट-समुपदेशनाची भाषा बोलली जात असताना तो टाळून चालणार नाही.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ घ्या. 1982 साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि 1986 साली पुस्तकरूपाने निघाले. महारवाड्यातली उपासमार, अंधश्रद्धा, सुनांचा छळ आणि बाबासाहेबांच्या शब्दाने जागी झालेली वस्ती हे सारे त्यात ‘आम्ही’च्या तोंडून येते. नावातही ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. फलटणच्या आपल्या दुकानात बसून बाईंनी हे लिहिले आणि कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पुढे माया पंडित यांच्याशी बोलताना त्यांनी नवऱ्याच्या हातून सोसलेला मार सांगितला. पुस्तकात वस्तीतल्या बायकांचा मार सविस्तर आहे, पण स्वतःच्या अंगावरचा जवळजवळ नाही. ही लेखिकेची उणीव मानणे अन्यायाचे होईल. सवर्ण समाज टपून बसलेला असताना आपल्या घरातले दुःख चव्हाट्यावर मांडायचे कोणाच्या भरवशावर? ‘आम्ही’ने बाईंना आवाज दिला, पण त्याची किंमतही वसूल केली.

याच्या शेजारी उर्मिला पवार यांचा प्रवास ठेवून पाहावा. मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या आठवणी ऐकून त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) सिद्ध केले. ‘आयदान’ (2003) त्यानंतरचे. त्यात घरातली कुचंबणाही आहे आणि चळवळीतल्या पुरुषांविषयीचे परखड बोलही आहेत. अनेकींचे ऐकून घेतल्यावर स्वतःचे सांगण्याचे बळ येते, असा माझा यावरून निष्कर्ष आहे.

गट-समुपदेशनाचे मर्म हेच आहे. त्याचा उगमही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला नाही. 1905 साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना ठरावीक दिवशी एकत्र बसवायला सुरुवात केली, कारण आरोग्यधामाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. औषधाइतकाच एकमेकांचा आधार त्यांना लाभला. आयर्विन यालोम यांनी 1970 साली या पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी केली. ‘हे माझ्या एकट्याचे नाही’ ही जाणीव, आपल्यासारखाच दुसरा सावरलेला पाहून येणारी आशा आणि आपणही कोणाच्या तरी उपयोगी पडतो हा अनुभव, हे त्यांनी सांगितलेल्या लाभांपैकी प्रमुख होत.

कोल्हापूरला हे नवे वाटू नये. शाहू महाराजांच्या काळात इथे निघालेल्या वसतिगृहांनी, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 साली निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाने, खेड्यातून आलेल्या एकट्या पोराला सोबती दिले. हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना महाराजांनी उपदेश केला नाही. हॉटेल काढायला मदत केली आणि तिथला चहा सर्वांदेखत घेतला. अपमान चारचौघांत झाला होता, त्याची भरपाईही चारचौघांत झाली.

घरातला पहिला पदवीधर म्हणून आणि आता शिक्षक म्हणून मी दोन्ही बाजूंनी हे पाहिले आहे. आमच्या विद्यार्थ्याला सल्ला मिळतो तो ‘आत्मविश्वास वाढव’ असा. म्हणजे दोष त्याच्यात! आडनाव विचारून बदललेला सूर, शिष्यवृत्तीच्या रांगेतले टोमणे, गावाकडून पैशाची वाट पाहणारी आई या साऱ्यांचे ओझे त्याच्या एकट्याच्या स्वभावावर टाकले जाते. आठ-दहा मुले दर आठवड्याला तास-दीड तास बसली, बोललेले बाहेर जाणार नाही अशी हमी असली आणि जात म्हणजे काय हे कळणारा प्रशिक्षित समुपदेशक असला, तर हाच विद्यार्थी ओळखतो की न्यूनगंड म्हणून जे त्याच्या माथी मारले, ती समाजाने केलेली जखम आहे.

मात्र भाबडेपणा नको. जिथे टोमणा मारणारा आणि खाणारा एकाच वर्तुळात बसवले जातात, तिथे खाणारा गप्पच राहील. जीव द्यावासा वाटणाऱ्याला गटाच्या भरवशावर सोडता कामा नये, त्याला मनोविकारतज्ज्ञाची तातडीची मदत हवी. आणि गट हा तक्रारीला पर्याय नव्हे. 2016 साली रोहित वेमुला गेला, 2019 साली डॉ. पायल तडवी गेली. त्यांना धीर देणारे कोणी नव्हते एवढ्यावर विषय संपवणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडणे होय.

तरीही काही कार्यकर्ते म्हणतात तसे हे पांढरपेशांचे चोचले नाहीत. सभेत आपण ‘आम्ही’ होतो, ते झालेच पाहिजे. पण सभा संपल्यावर खोलीवर परतणाऱ्या मुलीला तिचे स्वतःचे दुःख उच्चारायला जागा हवी, आणि ती आपल्यातच हवी. जी चळवळ आपल्या माणसाचा ‘मी’ ऐकून घेत नाही, तिचा ‘आम्ही’ आतून पोकळ होत जातो.