पाण्यावरची वाट आणि पायांखालची वाट

ता-नेहिसी कोट्स या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखकाची 'द वॉटर डान्सर' ही कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. ती यादवी युद्धापूर्वीच्या व्हर्जिनियात घडते. नायक हायरम वॉकर हा मळ्याच्या गोऱ्या धन्याचाच पुत्र. पण आई दासी, म्हणून तोही दास. ऐकले-पाहिलेले तो कधी विसरत नाही. केवळ विकून टाकलेली आपली आई तेवढी त्याला आठवत नाही.

ही उणीव हेच कादंबरीचे मर्म होय. येथील जादू मंत्रतंत्राची नाही. ज्याला आपले दुःख पुरतेपणी आठवते व सांगता येते, त्याला पाणी वाट देते आणि तो क्षणात दूरच्या भूमीवर पोहोचतो. माणसांची विक्री करणारी व्यवस्था त्यांची नाती व आठवणही हिरावून घेते, हे लेखकाने नेमके ओळखले आहे. जादूचा इतका सार्थ उपयोग आमच्या वाचनात क्वचितच आला.

तथापि हॅरिएट टबमन प्रवेश करते तेथे आम्ही अडखळलो. ही ऐतिहासिक स्त्री १८४९ साली मेरीलँडमधून निसटली व पुढे सुमारे १३ वेळा परत जाऊन तिने ७० च्या आसपास लोकांस सोडवून आणले. म्हणूनच तिला 'मोशे' म्हणत. कादंबरीतील हॅरिएट आठवणींच्या बळावर नदीतून पार जाते. तांबड्या समुद्राची छाया येथे उघड आहे. परंतु खरी हॅरिएट चालत गेली. तिने लांब हिवाळी रात्री निवडल्या. लहानपणी डोक्यावर बसलेल्या जड वजनाच्या आघातामुळे वाटेतच तिला ग्लानी येई. आपण देवाच्या सांगण्यावरून चालतो, असे ती म्हणे. कादंबरीत तो देव मागे पडतो. हा लेखकाचा अधिकार म्हणून एकवेळ सोडून देऊ. पण १८५० च्या फरारी दासांविषयीच्या कायद्याला न जुमानता दार उघडणाऱ्यांचे धैर्यही त्या प्रसंगी पाण्याखाली जाते, हे आम्हांस खटकते. (समुद्र दुभंगल्यावर इस्राएल लोकांचेही चालणे काही चुकले नाही.)

आमच्या मते फिलाडेल्फियाची प्रकरणे अधिक सरस आहेत. तेथील रेमंड व्हाइट हे पात्र विल्यम स्टिल यांच्यावरून घडले आहे. आलेल्या प्रत्येक फरारी दासाची हकीकत स्टिल लिहून ठेवीत; ती १८७२ साली ग्रंथरूपाने छापली. १८५० मध्ये असाच एक प्रौढ गृहस्थ आईबापांचा शोध घेत त्यांच्या कचेरीत आला. प्रश्न विचारता विचारता स्टिल यांच्या ध्यानी आले, की समोर बसला आहे तो आपण कधीही न पाहिलेला आपलाच सख्खा भाऊ.