दीक्षितपुऱ्यातून ‘माझा प्रवास’

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाची मराठी समीक्षेने घेतलेली दखल प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे: सत्तावनच्या उठावाचे साक्षीदार म्हणून गोडसे भटजी कितपत विश्वसनीय? प्रश्न गैर नाही. परंतु त्यापायी ग्रंथाच्या नावाचाच विसर पडला. अमृतलाल नागर यांचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ या नावाने अवतरला आणि मृणाल पांडे यांच्या २०११ मधील इंग्रजी अनुवादाच्या शीर्षस्थानी ‘१८५७’ हा आकडा येऊन बसला. गदर उरला, प्रवास गेला. महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाला ही अदलाबदल विशेष महाग पडते. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात बसून हा ग्रंथ वाचणाऱ्याला झाशीची राणी अन्यत्रही भेटू शकते; पण नर्मदा ओलांडून उत्तरेत आलेला मराठी माणूस वाटेत काय शिजवीत होता, काय नेसत होता, कोणत्या भरवशावर चालत होता, हे सांगणारा दुसरा ग्रंथ त्याला सहजी हाती लागत नाही.

पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक कर्जाने गांजलेला होता. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार अशी वार्ता कानी आली आणि दक्षिणेच्या आशेने तो १८५७ साली चुलत्यांसह निघाला. इतिहास पाहावयास तो गेलाच नव्हता. वाटेत महूनजीक इतिहासच त्याला आडवा आला. ग्रंथाचा सारा पोत या मूळ हेतूने ठरविलेला आहे. पैसा, अन्न, पाणी आणि मुक्काम या चार गोष्टींवरची लेखकाची नजर तोफा धडाडत असतानाही ढळत नाही. याला काहींनी भिक्षुकी वृत्ती म्हणून नाक मुरडावे, हे समजण्यासारखे आहे. तथापि गद्यलेखक म्हणून गोडशांचे जे सामर्थ्य आहे ते याच वृत्तीतून आलेले आहे.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. तहानलेली राणी भटजींच्या हातची दोरी आणि भांडे स्वतःकडे घेते आणि स्वतः पाणी शेंदते. या प्रसंगाचे मोल राणीच्या विनयात शोधले गेले. वास्तविक त्याची सारी ताकद दोरीत आहे. परमुलखात पायी हिंडणाऱ्याला स्वतःचा पोहरा आणि स्वतःची दोरी किती जिवाभावाची असते, हे जाणणारा लेखकच राज्य गमावल्याची खूण म्हणून ती निवडू शकतो. वेषाच्या वर्णनांतही हेच दिसते. राणी दरबारात कधी पायजमा, अंगरखा, टोपी आणि कमरेला तलवार अशी येते, तर कधी पांढरे पातळ नेसून. तिला ऊन पाण्याच्या स्नानाची हौस होती, हेही भटजी नोंदवितात. पुरुषी पोशाख आणि वैधव्याचे पांढरे वस्त्र यांतले अंतर त्यांनी कोठेही विशद केलेले नाही. दोन्ही वेष वाचकापुढे ठेवून ते पुढे जातात, आणि त्या काळच्या विधवेच्या वस्त्रांविषयी एखाद्या सुधारकी निबंधाने सांगावे त्याहून अधिक सांगून जातात.

सर्वांत विलक्षण भाग झाशीच्या लुटीचा. शहर पडल्यावरची ती लूट भटजींनी वस्तूंच्या क्रमाने सांगितली आहे: आधी नगद आणि दागिने, मग तांब्यापितळेची भांडी, कापडचोपड, धान्य. एका नांदत्या दक्षिणी घरात काय काय असे, त्याची जणू यादीच, मात्र वस्तू घराबाहेर जात असताना केलेली. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाणही याच ओघात येते, आणि तेथे मात्र लेखकाचा आवाज कातर होतो. एकोणिसाव्या शतकातील घरगुती जीवनावर लिहिणाऱ्या संशोधकांनी पाककृतींची पुस्तके चाळण्याआधी ही पाने वाचावीत.

जबलपूरचा या ग्रंथाशी संबंध वाटेचा नाही, काळाचा आहे. नर्मदाकाठचा हा मुलूख १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेला. १८६७ मध्ये अलाहाबादकडून आणि १८७० मध्ये मुंबईकडून लोहमार्ग येथे येऊन मिळाला. मुंबई आणि कलकत्ता जोडली गेली ती या शहरात. गोडसे भटजींनी प्रवास केला १८५७ ते १८५९ या काळात, आणि तो लिहून काढला १८८३ च्या सुमारास. मध्ये हा सांधा उभा आहे. आई-वडिलांना स्नान घालण्यासाठी ज्याने गंगेची कावड खांद्यावरून कोकणात आणली, तो ही हकीकत लिहावयास बसला तेव्हा काशीहून मुंबईकडे येणारा यात्रेकरू जबलपूरमार्गे गाडीने येऊ शकत होता. मुक्कामांची, कोसांची, स्वहस्ते रांधलेल्या अन्नाची जी बारीक आठवण ग्रंथात टिकली आहे, तिचे एक कारण येथे संभवते: लेखक जे जग सांगत होता ते डोळ्यांदेखत नाहीसे होत होते. दीक्षितपुऱ्याच्या वाचकाला हे अधिक जाणवावे, कारण पायवाटेने आलेला आणि आगगाडीने आलेला असे दोन्ही काळ या शहराने पाहिले.

लेखकाच्या मर्यादा उघड आहेत. चोवीस-पंचवीस वर्षांनी आठवून लिहिल्यामुळे ऐकीव आणि पाहिलेले यांची सरमिसळ झाली आहे. त्याहून मोठी मर्यादा सोवळ्याची. चुलीपलीकडचे जग, ओझी वाहणारे, झाडलोट करणारे, पालखीचे भोई, ही माणसे विटाळाचा किंवा मजुरीचा प्रश्न उद्भवला तरच दिसतात. त्यांच्या ताटात काय होते, हे या ग्रंथाला विचारून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट अभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवी. चिंतामणराव वैद्यांच्या प्रेरणेने हा ग्रंथ लिहिला गेला आणि त्यांनीच तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला; परंतु तसे करताना मूळ मजकुरात फेरफार केले. राजवटीची धास्ती आणि भाषाशुद्धीचा आग्रह ही कारणे त्या काळी रास्त असतील. मात्र भिक्षुकाच्या बोलण्यातला ओबडधोबडपणा काढून टाकला, की पोहरा, शिधा, कावड यांचे शब्दही गुळगुळीत होतात. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत १९६६ मध्ये निघाली. विद्यार्थ्यांनी झाशीच्या वेढ्याची पाने तरी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचावीत. कोणत्या वस्तूचे नाव बदलले, कोणते वाक्य सरळ केले गेले, याची टिपणे काढण्यास एक दुपार पुरते.