वाक्य खरं, माणूस खोटा

आज आपण इंग्रजी रंगभूमीच्या आरंभकाळातल्या सुभाषितांकडे वळू, आणि सुरुवात छापखान्यातल्या एका खुणेपासून करू. १६०३ साली ‘हॅम्लेट’ची पहिली छापील आवृत्ती निघाली. तीत पोलोनियसचं नाव कोरॅम्बिस असं आहे. परदेशी निघालेल्या मुलाला तो उपदेश करतो, आणि त्या ओळींच्या आरंभी अवतरणचिन्हं छापलेली आहेत. कुणाचे शब्द उद्धृत केले म्हणून नव्हे. खुणेचा अर्थ एवढाच, की ही ओळ वहीत उतरवून घ्यावी. त्या काळच्या शाळांत मैत्री, मृत्यू, पैसा अशा मथळ्यांखाली वेचे टिपण्याचं वळण मुलांना लावत. १६०० साली तर ‘इंग्लंड्स पार्नासस’ आणि ‘बेल्व्हेदेअर’ असे वेच्यांचे दोन संग्रह छापून आले. नाटकांतल्या ओळी त्यांतही आहेत.

आपल्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहीत, तसंच हे. सुविचाराखाली कधी नाव असतं, कधी नसतं; प्रसंग मात्र कधीच नसतो. आमचा आक्षेप नेमका तिथे आहे.

पोलोनियसचा सल्ला तसा शहाणपणाचा. मैत्री, भांडण, कपडे, उसनवारी, सगळं त्यात येतं, आणि शेवटी स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा मंत्र. हाच गृहस्थ दुसऱ्या अंकात त्याच मुलावर नजर ठेवायला पॅरिसला नोकर पाठवतो. वर सांगतो, माहिती काढण्यासाठी पोराबद्दल थोडंफार खोटंनाटं बोललास तरी चालेल! आता ते वहीत उतरवलेलं वाक्य कुठे ठेवायचं?

‘र्‍हेटरिक’च्या दुसऱ्या भागात अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की सुभाषितं वयस्क, अनुभवी माणसाच्या तोंडी शोभतात, त्यांतून बोलणाऱ्याचं शील दिसतं, आणि ऐकणाऱ्याला ती आवडतात कारण त्याचंच मत त्याला व्यापक होऊन परत मिळतं. यातला तिसरा मुद्दा फार धोक्याचा. इयागोला तो पुरता कळलेला आहे.

‘ऑथेल्लो’च्या दुसऱ्या अंकात नाव गेलं म्हणून कॅसिओ रडतो, तेव्हा इयागो त्याला समजावतो की लौकिक ही पोकळ गोष्ट आहे, लायकी नसताना मिळते आणि दोष नसताना जाते. तिसऱ्या अंकात तोच इयागो ऑथेल्लोला सांगतो की माणसाचं नाव म्हणजे त्याचं खरं धन, पैसा त्यापुढे कस्पट. दोन्ही वाक्यं वेचून घेण्यासारखी आहेत. दुसरं तर घरोघरी भिंतीवर लावता येईल, आणि गंमत म्हणजे ते खोटंही नाही. ऑथेल्लोचा आधीपासून त्यावर विश्वास आहे, म्हणून तर ते त्याच्या वर्मी लागतं. खोट्या वाक्याने हे काम झालं नसतं.

डॉ. जॉन्सनने १७६५च्या प्रस्तावनेत म्हटलंय, की निवडक उताऱ्यांवरून शेक्सपिअर दाखवणं म्हणजे घर विकायला निघालेल्याने नमुना म्हणून खिशात वीट घेऊन हिंडणं. दृष्टान्त झकास आहे, पण आम्हाला तो थोडा अपुरा वाटतो. वीट घरातून काढली तरी वीटच राहते. इयागोचं वाक्य नाटकाबाहेर काढलं की वेगळीच वस्तू होते. आत असताना ती कृती होती, बाहेर आल्यावर नुसतं विधान उरतं.

मग सगळीच सुभाषितं अशी सापळे असतात का? नाही. १५६२च्या जानेवारीत राणी एलिझाबेथपुढे झालेल्या ‘गॉर्बोडक’मध्ये सल्लागार खरोखर सरळ बोलतात. राज्य मुलांत वाटू नका म्हणून राजाला बजावलं जातं, तो ऐकत नाही, आणि देशात रक्तपात होतो. सिडनीने त्यातल्या नीतिबोधाची तोंडभरून स्तुती केली. आम्हाला मात्र ते बोल लाकडी वाटतात. एकाचं भाषण दुसऱ्याच्या तोंडी घातलं तरी फारसं बिघडणार नाही. इयागोच्या बाबतीत हे करून पाहा बरं! तेच नावाबद्दलचं वाक्य कॅसिओच्या तोंडी घाला, मग एमिलियाच्या. पुढच्या व्याख्यानाला येताना तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश असा वाचून या. आपण तिथूनच पुढे जाऊ.