शिळें आणि मुरलेलें

जुन्या वस्तूंविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, जुनें तें सोनें. दुसरा म्हणतो, गेलेल्या दिवसांचें आतां काय? गंमत अशी कीं, ज्या वस्तूवरून हा वाद चालतो ती पाहण्याचे कष्ट बहुधा कोणताच पक्ष घेत नाहीं. पहिला जुन्या बोलपटाचें नांव काढून उसासा टाकतो आणि उठतो. दुसरा नांव ऐकूनच उठतो. बोलपट मात्र होता तेथेंच राहतो.

स्वयंपाकघरांत याहून बारीक विवेक नांदत असतो. कालची भाजी शिळी होते आणि गेल्या वर्षींचें लोणचें मुरतें. काळ दोहोंवरून सारखाच गेलेला असतो. फरक पडतो तो मूळच्या जिनसामुळें, घातलेल्या मिठामुळें आणि बरणी कशी सांभाळली त्यामुळें. जुन्या चित्रपटांस व दूरदर्शनवरील जुन्या कार्यक्रमांस हाच विवेक लावून पाहावा, असें आमच्या मनांत बरेच दिवस घोळत होतें. त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तेवढाच घेतला तरी पुष्कळ सामग्री हातीं लागते.

शाहू मोडक यांचा जन्म १९१८ सालीं नगरास एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. नगरास अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ पासून चालत आलेलें. मराठी ख्रिस्ती समाजाचें तें एक मोठें केंद्र. या नगरकर मुलानें १९३२ च्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटांत बाळकृष्णाची भूमिका केली, आणि त्यानंतर प्रेक्षकांनीं त्याच्या मस्तकावरचा मोरमुकुट जवळजवळ जन्मभर उतरूं दिला नाहीं. एखाद्या नटावर लोकांनीं इतकें प्रेम करावें हें भाग्य खरें. परंतु त्या प्रेमाखालीं त्याचें उत्तम काम झांकून जावें हें दुर्दैवही तितकेंच खरें.

तें उत्तम काम आमच्या मतें ‘माणूस’मधील गणपत हवालदाराचें. प्रभात कंपनीचा व शांतारामबापूंनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३९ चा. जुगाराच्या अड्ड्यावरील धाडींत गणपतला मैना भेटते. तिच्यावर त्याचा जीव जडतो. तो तिला त्या वस्तींतून बाहेर काढूं पाहतो. ‘माणूस’ आज बहुतेकांस शांता हुबळीकर यांच्या एका गाण्यापुरता ठाऊक आहे. गाणें ऐकून बोलपट पाहिल्याचें समाधान मानणें म्हणजे फोडणीच्या वासावर जेवण उरकणें होय. सबंध चित्र पाहणाऱ्यास निराळ्याच गोष्टी भेटतात. गणपत मैनेला आपल्या घरीं आईपाशीं नेतो तो प्रसंग घ्या. भाविक आईच्या त्या देवघरासमोर मैनेचा धीर सुटतो. तिला कोणी बोल लावलेला नसतो. घराची ती स्वच्छताच तिला सोसवत नाहीं. मोडकांची कृष्णाच्या वेषांत गोड दिसणारी मुद्रा येथें पोलिसाच्या गणवेशांत अवघडलेली दिसते, आणि तें अवघडणें भूमिकेला फार शोभतें. सरळ मनाच्या माणसाला कायदा ठाऊक आहे, कवायत ठाऊक आहे. करुणेचें काय करावें हें मात्र त्याला कोणीं शिकविलेलें नाहीं.

सारेंच मुरलें आहे असें मात्र नाहीं. शेवटाकडे जीवनाविषयींचा उपदेश चढ्या सुरांत येतो. त्या काळच्या गुलाबी प्रेमपटांची जी नक्कल मध्येंच केली आहे, ती मूळ चित्रें न पाहिलेल्या आजच्या मुलांस लांबलेली वाटेल. हे दोष झांकून ‘माणूस’ची स्तुति करणें हा त्या कृतीचा अपमान होईल. दोष वजा जातां जें उरतें तें भरपूर आहे.

दुसरें चित्र १९४० चें ‘संत ज्ञानेश्वर’. दिग्दर्शक दामले व फत्तेलाल. ज्ञानेश्वर शाहू मोडक. भिंत चालते, रेडा वेद बोलतो. या करामती पाहून तेव्हांचे प्रेक्षक हात जोडीत, आजचीं मुलें हंसतील. आम्हांस त्या हंसण्याचा राग येत नाहीं. चमत्कार दाखविण्याची युक्ति शिळी झाली आहे हें खरेंच आहे. शिळी झाली नाहीं ती अपमान सोसणाऱ्या मुलांची गोष्ट. संन्याशाचीं पोरें म्हणून ज्यांना गांवानें वाळींत टाकलें, त्यांतील एकानें पुढें याच नगर जिल्ह्यांत, प्रवरेकांठच्या नेवाशास, १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असें मानतात तो पैस तेथें आजही पूजिला जातो. आणि साडेसहाशें वर्षांनीं तें सोंग नगरच्या एका ख्रिस्ती तरुणानें घेतलें! ज्या सोवळ्या घरांतील मंडळींनीं चित्रपटगृहांत त्याच्या दर्शनानें डोळे पुसले, त्यांतील कित्येकांच्या माजघरापलीकडे त्याला पाऊल टाकतां आलें नसतें.

येथें एक जुनी आख्यायिका आठवते. मुक्ताईला मांडे करावयाचे होते. विसोबा चाटी यानें कुंभाराकडून खापर मिळूं दिलें नाहीं. तेव्हां ज्ञानदेवांनीं आपली पाठ तापविली आणि बहिणीनें तीवर मांडे भाजले. आम्ही ही कथा लहानपणीं चमत्कार म्हणून ऐकली. आतां ती वेगळ्या रीतीनें ऐकूं येते. कोणाला वाळींत टाकावयाचें झालें तर आपल्या समाजानें हात घातला तो चुलीला, भांड्याला आणि पाण्याला. घरच्या अन्नाच्या गोडव्याविषयीं लिहिणाऱ्यानें हें विसरून चालणार नाहीं.

लक्ष्मीबाई टिळकांनीं तें विसरूं दिलें नाहीं. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनीं १९०० मध्यें. मधल्या वर्षांची त्यांची हकीकत धर्मतत्त्वांच्या वादाइतकीच हातच्या पाण्याची आणि वेगळ्या चुलीची हकीकत आहे. नगर व राहुरी हीं त्यांच्या आयुष्यांतील मोठीं ठिकाणें. विजया मेहता यांनीं १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत दूरदर्शनसाठीं या पुस्तकावर चित्रपट केला. आज त्याची आठवण फार थोड्यांस आहे, आणि ही गोष्ट खेदाची आहे. कारण हें कथानक मोठ्या पडद्याहून घरांतल्या लहान पडद्यासच अधिक मानवणारें आहे. त्यांतील लढाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होते. ती जेवणघरांत बसून, सर्व कुटुंबानें मिळून पाहावी. म्हणजे आपल्या आजीच्या हातच्या चवीविषयीं बोलतांना, त्या चवीच्या पंक्तीला कोण बसूं शकत नव्हतें, हेंही लक्षांत येईल.

तिसरे नगरकर सदाशिव अमरापूरकर. जन्म १९५० चा, मृत्यु २०१४ चा. ‘अर्धसत्य’ (१९८३) मधील रामा शेट्टी आणि ‘सडक’ (१९९१) मधील महाराणी यांनीं त्यांना देशभर खलनायक करून ठेवलें. परंतु श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या १९८८ च्या त्रेपन्न भागांच्या मालिकेंत त्यांनीं महात्मा फुले उभे केले, हें सांगितलें तर पुष्कळ लोक आश्चर्यानें पाहतात. रामा शेट्टीचा दरारा आरडाओरडींत नव्हता; खुर्चींत स्वस्थ बसून हलक्या आवाजांत बोलण्यांत होता. तोच संयम फुल्यांच्या भूमिकेस लावला म्हणजे त्याची जात बदलते. तेथें धाक होता, येथें निश्चय आहे. शिवाय नगरच्या माणसानें ही भूमिका करण्यांत एक औचित्यही होतें. मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीरावांस पुण्यास तशी शाळा काढण्याची स्फूर्ति झाली. सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडेही तेथेंच घेतले. आणि याच जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. पुन्हां पाणी, पुन्हां घर! आमचे हे तीन नगरकर विषय आपोआप एकाच उंबऱ्यापाशीं येऊन थांबतात.

आतां त्या उंबऱ्याच्या आंत जाऊं. या जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेंत आहे. हलक्या जमिनींत, थोड्या पावसावर हुलगा येतो, आणि हुलग्याचे शेंगोळे हें येथल्या थंडींतील खरें पक्वान्न. हुलग्याच्या पिठांत थोडें ज्वारीचें पीठ, लसूण, मिरची, जिरें व मीठ घालून तें घट्ट मळावें. तळहातानें करंगळीएवढ्या वळ्या करून त्यांचीं वेटोळीं करावीं, आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यांत सोडून मंद आंचेवर शिजूं द्यावीं. पिठामुळें रस्सा आपोआप दाटतो. सणाच्या ताटांत या पदार्थाला मान नाहीं, लग्नाच्या पंगतींत नाहीं. उपाहारगृहांच्या पाटीवर तो क्वचित् दिसतो. कारण उघड आहे: दिसावयास तो मळकट, आणि वळावयास हात व वेळ फार लागतो. गणपत हवालदाराप्रमाणेंच त्याची किंमत सोबत बसल्याशिवाय कळत नाहीं.

मात्र ‘हात व वेळ फार लागतो’ असें लिहितांना हात कोणाचे, हा प्रश्न टाळूं नये. ‘घरचें तें घरचें’ असें म्हणणारे बहुधा पाटावर बसलेले असतात. वळणारी चुलीपाशीं उभी असते, आणि दिवाणखान्यांत जुना बोलपट चालूं असतां तिला त्याचे केवळ आवाज ऐकूं येतात. असा रसास्वाद आम्हांस मान्य नाहीं. पीठ परातींत घेऊन सर्वांनीं पडद्यासमोर बसावें, पुरुषांनीं व मुलांनींही वळ्या कराव्या, आणि चित्र सर्वांनीं पाहावें. वेटोळीं वांकडीं झालीं तरी रस्सा दाटतोच.

राहिला प्रश्न बरणीचा. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी बियाणें घरांत जपलीं, आणि त्याबद्दल त्यांस पद्मश्री मिळाली. बियाणें जपण्याचा त्यांचा मार्ग सोपा आहे: पेरणें, पिकविणें आणि दुसऱ्यास देणें. चित्रपटांचेंही तसेंच आहे. पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरीही २००३ सालीं तेथील जुन्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून प्रभातच्या मूळ फितींचें मोठें नुकसान झालें. ज्यांच्या प्रती आधींच काढून ठेविल्या होत्या, तीं चित्रें वांचलीं. कोठारें हवींतच, परंतु जें कोणी पाहत नाहीं त्याची प्रत काढण्याची निकड कोणास वाटत नाहीं, आणि प्रत नसली म्हणजे एक ठिणगी पुरते.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, ‘माणूस’ आज घरबसल्या पाहावयास मिळतो, तो एका रविवारीं सबंध पाहावा. आवडला नाहीं तर तसें स्पष्ट म्हणावें. जें शिळें वाटेल त्यास शिळें म्हणावें, उगाच भक्तिभाव दाखवूं नये. पण निवाडा चाखून मग द्यावा. बरणी न उघडतांच लोणचें नासलें म्हणून सांगणारा आणि बरणीची पूजा करणारा, हे दोघेही शेवटीं उपाशीच राहतात.