पुढे काय झाले?

बहुतेक शाळांत प्रवेशद्वाराजवळ एक फळा असतो. एका कोपऱ्यात सुविचार, दुसऱ्या कोपऱ्यात दिनविशेष आणि मधल्या जागेत ‘विज्ञानवार्ता’. एखादे उत्साही शिक्षक वृत्तपत्रातील चार-पाच ओळी तेथे सुवाच्य अक्षरांत उतरवतात. ‘शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे की...’ अशी सुरुवात असते. दुसऱ्या दिवशी फळा पुसला जातो आणि नवी वार्ता येते.

अशाच एका शाळेत आम्ही विज्ञान दिनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतील एका मुलीने विचारले, “सर, विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ सापडला असे मागे फळ्यावर लिहिले होते. त्याचे पुढे काय झाले?” तिच्या शिक्षकांना उत्तर ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होते. पण आम्हीही ती बातमी जुलै २०२३ मध्ये आमच्या विद्यार्थ्यांना मोठ्या उत्साहाने सांगितली होती आणि तिचा शेवट सांगायचे राहून गेले होते. तेव्हा पुढील टीकेत आमचाही वाटा आहे, हे आधीच मान्य केलेले बरे.

‘नवे संशोधन’ या सदराखाली येणाऱ्या छोट्या बातम्यांत नेमके काय सुटते, हे तीन उदाहरणांवरून पाहू. एक अभियांत्रिकीतील, एक वैद्यकातील आणि एक आहारशास्त्रातील.

पहिले उदाहरण त्या मुलीच्या प्रश्नातले. काही पदार्थ अतिशय थंड केले की त्यांचा विद्युतरोध शून्य होतो. याला अतिवाहकता म्हणतात. १९११ साली कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात हा गुण उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास आढळला. नेहमीच्या तापमानाला अतिवाहक असणारा पदार्थ मिळाला, तर वीज वाहून नेताना होणारी घट टळेल आणि रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांचे चुंबक द्रवरूप हेलियमने थंड ठेवावे लागणार नाहीत. म्हणून दक्षिण कोरियातील संशोधकांनी २२ जुलै २०२३ रोजी दोन निबंध खुले केले तेव्हा जगभर खळबळ उडाली. शिसे, तांबे, फॉस्फरस व ऑक्सिजन यांचे ‘एलके-९९’ हे संयुग १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहते, असा त्यांचा दावा होता. हे निबंध तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वीच संकेतस्थळावर ठेवलेले होते. सोबतच्या चित्रफितीत एक काळा तुकडा चुंबकावर तरंगताना दिसत होता. मात्र त्याची एक कड चुंबकाला टेकलेली होती.

पाककृती सोपी असल्याने अनेक प्रयोगशाळांनी तो पदार्थ करून पाहिला. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही तो तयार केला गेला. तेथील नमुन्यात अतिवाहकता आढळली नाही. मग कोडे सुटू लागले. मूळ निबंधात १०४ अंशांच्या सुमारास रोध एकदम घटल्याचे दाखवले होते. एका रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, याच तापमानाला कॉपर सल्फाइडची रचना बदलते व त्याचा रोध झपाट्याने कमी होतो. एलके-९९ बनवताना कॉपर सल्फाइड अशुद्धी म्हणून तयार होतेच. जर्मनीत स्टुटगार्ट येथील माक्स प्लांक संस्थेत शुद्ध स्फटिक वाढवले गेले, तेव्हा ते चक्क विसंवाहक निघाले. दावा ते उलगडा हा प्रवास महिन्याभरात पुरा झाला. फळ्यावर मात्र फक्त दावा लागला.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील एका गटाने निबंध प्रसिद्ध केला. हिवतापावरील जुने औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्यावर सहाव्या दिवशी शेकडा ७० रुग्णांच्या नाकातील नमुन्यात कोरोनाचा विषाणू सापडला नाही. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण शेकडा १२.५ होते. आकडे विलक्षण वाटतात. पण ७० टक्के म्हणजे २० पैकी १४ आणि १२.५ टक्के म्हणजे १६ पैकी २. शिवाय औषध सुरुवातीला २० नव्हे, २६ जणांना दिले होते. त्यांपैकी तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले, एकाचा मृत्यू झाला, एक जण रुग्णालय सोडून गेला आणि एकाने मळमळीमुळे औषध थांबवले. या सहा जणांना हिशेबातून वगळले होते. त्यांच्यात यश आले नाही असे धरून १४ ला २६ ने भागले, तर प्रमाण ५४ टक्क्यांवर येते. एवढे गणित सातवीचा विद्यार्थीही करील. आणखी एक दोष म्हणजे, कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. तुलनेसाठी घेतलेल्यांत दुसऱ्या केंद्रातील रुग्ण व उपचार नाकारलेले रुग्ण होते.

ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णांची विभागणी चिठ्ठी पद्धतीने झाली. हे औषध दिलेल्या १५६१ रुग्णांपैकी २७ टक्के आणि न दिलेल्या ३१५५ रुग्णांपैकी २५ टक्के २८ दिवसांत दगावले. म्हणजे औषधाने मृत्यू टळत नव्हते. हा निष्कर्ष जून २०२० मध्येच जाहीर झाला होता. मार्सेयचा मूळ निबंध त्या नियतकालिकाने मागे घेतला, तो डिसेंबर २०२४ मध्ये. दरम्यान लोकांनी औषधांच्या दुकानांकडे धाव घेतली होती आणि ल्युपस व आमवाताच्या ज्या रुग्णांना हे औषध खरोखर लागते, त्यांना अनेक देशांत त्याची टंचाई भासली. अपुऱ्या बातमीची किंमत अशीही मोजावी लागते.

तिसरे उदाहरण मुद्दाम रचलेले होते. २०१५ साली जॉन बोहॅनन या विज्ञानपत्रकाराने जर्मन चित्रपटकारांच्या सोबतीने एक प्रयोग केला. कर्बोदके कमी असलेल्या आहारासोबत रोज थोडे चॉकलेट खाल्ले तर वजन अधिक वेगाने उतरते, असा त्याचा निष्कर्ष होता. पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकात तो झटपट प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांतील वृत्तपत्रांनी तो उचलला. प्रयोग खरोखर केला होता, आकडेही खरे होते. मग खोट कोठे होती? माणसे होती अवघी १५, तीन गटांत वाटलेली, आणि प्रत्येकाची १८ मोजमापे घेतली होती: वजन, कोलेस्टेरॉल, झोप इत्यादी. प्रत्येक मोजमापात निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता शंभरात ५ धरली आणि मोजमापे परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर १८ पैकी निदान एकात तरी फरक दिसण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होते. जे हाती लागेल त्याची बातमी करायची, एवढेच काम उरते. माणसे किती होती ही संख्या कोणीही छापली नाही, असे बोहॅनन यांनी नंतर स्वतःच लिहिले.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. चाळीस मुलांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगा. एकाच मुलाला पाचही वेळा छापा पडण्याची शक्यता ३२ त १ आहे. पण चाळिसांत निदान एकाला तरी तो पडेल, याची शक्यता शंभरात सुमारे ७२ आहे. मग फक्त त्या मुलाचे नाव फळ्यावर लिहा आणि ‘याच्या हातात जादू आहे’ अशी बातमी करा. बाकीच्या मुलांबद्दल काही बोलू नका. मुलांना खोच लगेच कळते.

छोट्या बातमीवर आमचा मुख्य आक्षेप ती छोटी असण्याला नाही. तीन प्रश्नांची उत्तरे द्यायला तीन ओळी पुरतात. प्रयोग कितींवर केला आणि मध्येच किती गळाले? तुलना कोणाशी केली? दुसऱ्या कोणाला तोच निष्कर्ष मिळाला का? बातमी ही माहिती गाळते आणि एका निबंधाला न्यायालयाच्या अंतिम निकालाचा मान देते. यात दोष केवळ वार्ताहरांचा नाही. आम्ही संशोधक आणि आमच्या संस्थाही प्रसिद्धिपत्रक काढताना ‘क्रांतिकारक’ हा शब्द सैल हाताने वापरतो.

याचा अर्थ सगळे संशोधन अविश्वसनीय असते असा कोणी घेऊ नये. एलके-९९ चा उलगडा संशोधकांनीच केला आणि औषधाची कसोटीही त्यांनीच लावली. विज्ञानाची खरी रीत या दुसऱ्या टप्प्यात दिसते आणि नेमका तोच टप्पा विद्यार्थ्यांपासून दडलेला राहतो. मग ‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे’ अशी त्यांची समजूत झाली, तर तिला आपणच जबाबदार ठरतो.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. विज्ञानवार्ता जरूर लिहा, पण तिच्याखाली तारीख घाला आणि ती एका वहीत उतरवून ठेवा. वहीच्या उजव्या पानावर ‘पुढे काय झाले?’ असा मथळा लिहून ते पान कोरे सोडा. सहा महिन्यांनी, वर्षाने विद्यार्थ्यांनाच ते भरायला सांगा. काही पाने कोरी राहतील. तीही तशीच राहू द्यावीत. आम्ही त्या मुलीला एलके-९९ ची हकिगत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “मग हेही फळ्यावर लिहायला हवे ना, सर?” तिच्या शिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी ते लिहिले, असे आम्हाला नंतर कळले.