मी टॉमच्या बाजूने

'टॉम अँड जेरी' बघताना आपण सहसा जेरीची बाजू घेतो. 'द कॅट कॉन्सर्टो' बघताना मात्र मी टॉमच्या बाजूने असतो. हॅना आणि बार्बेरा यांच्या या सात-एक मिनिटांच्या कार्टूनला १९४७ साली ऑस्कर मिळालं.

टॉम सूट घालून पियानोवर लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतोय. पियानोच्या आत जेरी झोपलाय. त्याची झोपमोड होते, टॉम त्याला टिचकीने उडवतो आणि भांडण पेटतं. म्हणजे टॉमही काही साधू नाही. पण पुढे बोटं झाकणाखाली चेंगरतात, सापळ्यात अडकतात, तरी वाजवणं चालूच. एरवी टॉम सगळं सोडून जेरीमागे धावतो. इथे भर मैफलीत त्याला उठता येत नाही. सगळा विनोद या एका अटीवर उभा आहे.

आमच्या बीडकडे ही अट समजावून सांगावी लागत नाही. सप्ताहात कीर्तन रंगलं की पेटीवाल्याला डास चावो नाहीतर मुंगी, भात्यावरचा हात निघत नाही.

शेवटी जेरी संपलेली रचना पुन्हा पुन्हा सुरू करतो. टॉम ती निभावता निभावता कोसळतो आणि प्रकाशझोतात जेरी वाकून टाळ्या घेतो. रात्रभर कोड कुणी लिहायचा आणि सकाळी डेमो कुणी द्यायचा, हे आयटीत बघितलेल्या माणसाला यावर नुसतं हसता येत नाही. तरी हा शेवट बदलू नये. टाळ्या टॉमला मिळाल्या असत्या तर आपण खूश होऊन पुढचं कार्टून लावलं असतं.